ट्रायथलॉनची तयारी करताना जिम सोडू नका, फक्त लेग डे हलवा

जिमवाला माणूस ट्रायथलॉनच्या नादाला लागला की एकतर तो जिम बंद करतो, नाहीतर जुनं सगळं तसंच ठेवून त्यावर पोहणं, सायकल, रनिंग रचत जातो आणि मग कुठेतरी गुडघा धरून बसतो. मी दुसऱ्या जातीतला. माझा लेग डे कायम गुरुवारी संध्याकाळी, वर्षानुवर्षं तोच, तो मी हलवलाच नाही. शुक्रवारी जिना उलटा उतरायचो, कठडा धरून, कारण सरळ उतरताना मांड्या साथच देत नव्हत्या. शनिवारी लाँग राइड कशीबशी व्हायची आणि रविवारचा लाँग रन म्हणजे अर्धा चालणं. दोन महिने मला वाटत होतं स्टॅमिना कमी पडतोय. स्टॅमिना ठीक होता, वेळापत्रक बोंबललं होतं.

जड स्क्वॉट मारल्यावर पायांचं दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं. आता गुरुवार संध्याकाळपासून मोजा, बरोबर वीकेंडच्या लांब ट्रेनिंगवर येऊन पडतं. आपल्याला वाटतं की मधल्या रिकाम्या दिवशी वेट्स टाकले की लोड छान वाटला जातो, पण त्यात होतं असं की आठवड्यात एकही दिवस पाय ताजे राहत नाहीत. म्हणून अवघड काम एकाच दिवशी कोंबा आणि हलका दिवस खरोखर हलका ठेवा. म्हणजे ज्या दिवशी सकाळी सायकलचे इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ सावकाश, असं आलटून पालटून) त्याच दिवशी संध्याकाळी स्क्वॉट, मध्ये किमान ६ तासांचं अंतर आणि दोन नीट जेवणं. वाचताना वेडेपणा वाटेल, पहिले दोन आठवडे वाटतोही, पण दुसऱ्या दिवशी फक्त निवांत पोहणं असतं त्यामुळे पाय सावरतात.

माझा आठवडा आता असा असतो, सोमवारी पोहण्याची टेक्निक, मंगळवारी सकाळी बाइक इंटरव्हल आणि संध्याकाळी जड लेग्ज, बुधवारी हलकं पोहणं, गुरुवारी सकाळी टेम्पो रन (दम लागेल पण टिकवता येईल अशा वेगाने पळणं) आणि संध्याकाळी अपर बॉडी, कोअर आणि पोटऱ्या, शुक्रवारी सुट्टी (खरी सुट्टी, "थोडंसं जॉगिंग" वगैरे नाही), शनिवारी लाँग राइड आणि उतरल्या उतरल्या १५-२० मिनिटं ब्रिक रन (सायकलवरून उतरून लगेच पळणं), रविवारी आरामात लाँग रन. स्प्रिंट डिस्टन्स म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी रन एवढंच करायचं असेल तर यातले एकदोन सेशन काढून टाका, बिघडत नाही.

वेळ एकच असेल, सगळं लागोपाठच करावं लागत असेल, तर रेस जवळ असताना आधी इंटरव्हल आणि मग कमी सेटचे वेट्स. रेस लांब असेल आणि ताकद वाढवायची असेल तर उलट, आधी वेट्स आणि नंतर फक्त सावकाश पेडलिंग. जड लेग्जनंतर फास्ट रनिंग मात्र नकोच, थकलेल्या पायांनी पाऊल कसंही पडतं आणि तिथेच पोटरी धरते. तसंच पुलअप्स मारून लगेच पोहायला जाऊ नका. मी गेलोय. हात पाण्यात गेला की कोपर खाली घसरतं, पाणी पकडलंच जात नाही, नुसते हात फिरवत राहतो आणि तासभर चुकीचाच स्ट्रोक पक्का करून घरी येतो.

आता वजन किती. एन्ड्युरन्सवाल्यांनी (दम टिकवून लांब पल्ला मारणाऱ्यांनी) हलकं वजन आणि भरपूर रेप्स मारावेत हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि मला तो अजिबात पटत नाही. ९० केडन्सने (मिनिटाला पेडलच्या ९० फेऱ्या) तासभर सायकल चालवली तर एकेक पाय ५,४०० वेळा फिरतो, त्यावर आणखी २० रेप्सचे तीन सेट मारून काय नवीन मिळणार? जिममधून ते घ्यायचं जे रस्त्यावर मिळत नाही, म्हणजे जोर. ४ ते ६ रेप्स, ३ सेट, मध्ये २-३ मिनिटं आराम, आणि अजून दोन रेप्स निघाल्या असत्या असं वाटत असताना बार ठेवून द्यायचा. फेल होईपर्यंत मारायचं नाही, तो जुना अहंकार बाहेर ठेवून या. ज्यांनी कधीच बार उचललेला नाही त्यांनी मात्र पहिले ४-६ आठवडे हलक्या वजनावर ८-१२ रेप्स करत फॉर्म बसवावा, सरळ जडवर उडी नको.

व्यायाम मोजकेच लागतात. स्क्वॉट किंवा डेडलिफ्ट, दोन्ही एकाच दिवशी जड नकोत. एका पायाचं काहीतरी, स्प्लिट स्क्वॉट किंवा स्टेपअप, कारण धावताना दोन्ही पाय एकदम जमिनीवर कधी नसतातच. रोइंग किंवा पुलअप्स, खांद्यासाठी फेस पुल, आणि प्लँक. पोटऱ्यांना लोक विसरतात, तर काफ रेझ उभ्यानेही करा आणि गुडघा वाकवून बसूनही करा, बसून केल्यावर आतल्या सोलियस स्नायूवर जास्त काम येतं आणि लांब रनमध्ये तोच सगळ्यात जास्त राबतो. लेग एक्स्टेंशन, बायसेप्सचे चार प्रकार, हे सोडलं तरी चालतं. मला बायसेप्स सोडायला सहा महिने लागले ती गोष्ट वेगळी.

"कार्डिओने मसल जातो" ही भीती सगळ्यांना असते आणि ती अगदीच खोटी नाही. रॉबर्ट हिक्सन या संशोधकाने १९८० मध्ये १० आठवड्यांचा प्रयोग छापला होता, ज्यात आठवड्याला ५ दिवस वेट्स आणि ६ दिवस एन्ड्युरन्स असं दोन्ही करणाऱ्यांची ताकद सुरुवातीला वाढली आणि शेवटच्या आठवड्यांत थांबून खाली यायला लागली. पण त्याच लोकांचा एन्ड्युरन्स मात्र वेट्समुळे कमी झाला नाही. म्हणजे झळ बसते ती स्क्वॉटच्या आकड्याला, रेसला नाही. आणि सायकलपेक्षा रनिंगचा फटका जास्त, कारण प्रत्येक पावलाला आपटणं आहे, त्यामुळे लेग्जच्या दिवशी कार्डिओ करायचंच असेल तर सायकल निवडा.

खाण्यात कंजूषी केली तर वरचं सगळं फुकट. प्रोटीन वजनाच्या दर किलोला १.६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ११२ ग्रॅम, आणि लांब राइडवर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्ज. कार्ब्ज कापून वजन उतरवायचं काम ऑफ सीझनमध्ये करा, दोन्ही ट्रेनिंग जोरात चालू असताना नको. झोप उडायला लागली, किंवा सकाळची नाडी नेहमीपेक्षा चढलेली दिसली की आधी एक वेट सेशन कापायचं.

सीझनचं म्हणाल तर रेस लांब असताना ८-१२ आठवडे जिम दोनदा, जमलं तर तीनदा. रेस जवळ आली की आठवड्यातून एकदा, वजन तेच ठेवून सेट कमी, मिळवलेली ताकद टिकवायला एवढं पुरतं. इथे लोक उलटं करतात, वजन उतरवतात आणि रेप्स वाढवतात, त्याने पाय दुखतात आणि ताकदही जाते. शेवटचे जड लेग्ज रेसच्या साधारण १० दिवस आधी, त्यानंतर हलकं वजन, एकदोन सेट, अंग मोकळं होण्यापुरतं. रेसच्या आठवड्यात जिममध्ये नवीन मशीन आलं तरी बघायला जाऊ नका, आपण फक्त बघत नाही हे आपल्याला माहितीये.