एच-इंडेक्स मोजण्याआधी यादी साफ करा : औषधशास्त्रातल्या संशोधकांनी या चुका टाळा

पदोन्नतीच्या फायलीत किंवा अनुदानाच्या अर्जात ‘एच-इंडेक्स ११’ एवढंच लिहिलेलं असलं, तर तपासणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. एच-इंडेक्स ११ म्हणजे प्रत्येकी किमान ११ सायटेशन (इतर लेखांतले उल्लेख) मिळालेले ११ लेख. पण आकडा कुठून घेतला आणि कोणत्या तारखेला, हे शेजारी हवंच. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच खुले केलेले लेख), पुस्तकं असं सगळं गोळा करतं. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे सायटेशन नोंदवणारे डेटाबेस निवडक स्रोतच धरतात, म्हणून स्कॉलरचा आकडा बहुधा मोठा निघतो. एच-इंडेक्स स्कॉलरचा आणि एकूण सायटेशन स्कोपसचे, अशी खिचडी मात्र करू नका.

सगळ्यात जास्त घोळ नावात होतो. आपल्याकडे आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव असा क्रम कागदोपत्री रूढ आहे. लेख पाठवताना तोच ठेवला, तर शेवटचा शब्द आडनाव समजला जातो आणि लेख वडिलांच्या नावावर जमा होतो. लग्नानंतर आडनाव बदललं की अर्धं काम जुन्या नावावर राहतं. उलट बाजूनं, ‘एस. पाटील’ किंवा ‘ए. कुलकर्णी’ इतकंच छापलं तर चार जणांचे लेख एकाच प्रोफाइलमध्ये येऊन बसतात.

उपाय असा : ऑर्किड (ORCID) हा संशोधकाची ओळख पटवणारा १६ अंकी क्रमांक घ्या आणि प्रत्येक लेखासोबत द्या. स्कोपसमध्ये आपल्या नावाची सगळी शक्य रूपं टाकून शोधा, तुटलेली प्रोफाइल एकत्र करण्याची विनंती पाठवा आणि परके लेख काढायला सांगा. स्कॉलरमध्ये एकाच लेखाच्या दोन नोंदी दिसल्या, तर दोन्हींवर खूण करून ‘मर्ज’ करा. तिथली नवे लेख आपोआप जोडण्याची सोय बंद ठेवून ईमेलवर विचारणा येईल असा पर्याय निवडा. दुसऱ्याचे लेख आपल्या यादीत शिरतात ते बहुतेक याच वाटेनं.

यादी नीट झाली की मोजणी सोपी आहे. समजा, दहा लेखांना अनुक्रमे ४८, ३१, २२, १५, ९, ७, ६, ५, २, ० सायटेशन आहेत. सहाव्या लेखाला ७ आहेत, म्हणजे सहा किंवा जास्त. सातव्याला मात्र ६ च. म्हणून एच-इंडेक्स ६. दहा किंवा अधिक सायटेशनचे लेख चार, म्हणून आय-१० इंडेक्स ४. पहिल्या लेखाची सायटेशन उद्या ४८० झाली तरी एच-इंडेक्स सहाच राहील.

नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर स्वतःच्या नावापुढे लावणं, त्याहून वाईट म्हणजे सगळ्या लेखांच्या फॅक्टरची बेरीज करणं, ही चूक अजून सर्रास दिसते. २०२४ चा फॅक्टर म्हणजे २०२२ आणि २०२३ मधल्या लेखांना २०२४ मध्ये मिळालेली सायटेशन भागिले त्या दोन वर्षांतल्या मोजण्याजोग्या लेखांची संख्या. तुमचा लेख त्यात शून्यावरही असू शकतो. स्कोपसचा असाच आकडा, सायटस्कोर, चार वर्षांचा असतो, त्यामुळे दोन्हींची तुलना होत नाही. ‘ग्लोबल इम्पॅक्ट फॅक्टर’ वगैरे नावं दिसली की सावध व्हा. खरा फॅक्टर क्लॅरिव्हेटच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्येच सापडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी बंद झाल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं, तेव्हा तिचा शिक्का दाखवणाऱ्या नव्या जाहिरातींवरही विसंबू नका. स्कोपसमधल्या नियतकालिकाचा आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) स्कोपसच्या स्रोतयादीत टाकून पाहा, कारण यादीतून वगळलेली नियतकालिकंही जुनी ओळख मिरवत राहतात.

औषधशास्त्रात आणखी एक फसगत होते. पद्धत सांगणारे लेख अवाढव्य उद्धृत होतात. प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरचा ऑलिव्हर लॉरी यांचा १९५१ चा लेख तीन लाखांहून जास्त वेळा उद्धृत झाला आहे, आणि लॉरी सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात औषधशास्त्राचे विभागप्रमुख होते. रिसेप्टरची (औषध जिथे जोडलं जातं त्या पेशीतल्या प्रथिनांची) नावं ठरवणाऱ्या सामूहिक मार्गदर्शिकांचंही तसंच. त्यात नाव असलेल्याचा एकूण सायटेशनचा आकडा एका झटक्यात फुगतो. म्हणून मूळ संशोधन, परीक्षणलेख (रिव्ह्यू), पद्धतीचे लेख आणि परिषदांमधले गोषवारे यांचे आकडे वेगळे दाखवा. गोषवारे वेब ऑफ सायन्समध्ये नोंदले जातात, पण त्यांना सायटेशन फारशी मिळत नाहीत. ते मिसळले की दर लेखाची सरासरी घसरते.

वेगवेगळ्या विषयांतल्या लेखांची तुलना करायची असेल, तर पबमेड या वैद्यकीय लेखसूचीतल्या लेखांसाठी अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचं आयसाइट हे साधन मोफत आहे. तिथला सापेक्ष सायटेशनचा आकडा १.० म्हणजे त्या विषयातल्या एनआयएच-निधीच्या मधल्या लेखाइतकी दरवर्षीची सायटेशन. स्व-उद्धरणं (स्वतःच्याच लेखांचे उल्लेख) वगळलेला आकडा स्कोपसच्या सायटेशन ओव्हरव्ह्यूमध्ये मिळतो. अर्जात स्व-उद्धरणांसह आणि त्यांच्याशिवाय, असे दोन्ही आकडे द्या. प्रोफाइल दुरुस्तीची विनंती मात्र अंतिम मुदतीच्या बऱ्याच आधी पाठवा, ती त्याच दिवशी होत नाही.