शाळेचा आणि जिल्ह्याचा निकाल मोजताना या चुका टाळा

शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत भिंतीवर शाळांच्या निकालाचा रंगीत तक्ता लागला की मी आधी एकच विचारतो, टक्का काढताना छेदात कोणती मुलं धरलीत? बहुतेक वेळा उत्तर येत नाही. हिरवा, पिवळा, लाल रंग भरायला नव्या साधनव्यक्तींना (शाळांच्या मदतीला नेमलेल्या लोकांना) दोन मिनिटं लागतात, पण पट आणि हजेरीचे दोन रकाने जोडायचा त्यांना कंटाळा. त्याच त्या चुका बघून आता वैताग आलाय, म्हणून लिहून ठेवतो.

गेलेली लेकरं टक्क्यातून गायब करणं

बीड, धाराशिव, जालन्याकडं ज्यांनी नोकरी केलीय त्यांना हे समजावून सांगायला नको. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी होते तेव्हा वर्ग भरलेला असतो. पुढं ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या घरांत आवराआवर सुरू होते आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला तांड्यावरून ट्रक हलतात. सत्राअखेरच्या संकलित चाचणीला बाकावर कोण उरलं हे कारखान्याचं धुराडं कधी पेटलं यावर ठरतं.

एका तालुक्यात शेजारशेजारच्या दोन शाळा होत्या. पहिल्या शाळेतली मुलं आईबापामागं उसाच्या फडावर गेली, कुणी अडवलं नाही. दुसऱ्या शाळेतल्या बाई घरोघर फिरल्या, आज्यांना पटवलं, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव स्वतः गटशिक्षण कार्यालयात नेऊन दिला आणि जवळपास सगळी मुलं गावात ठेवली. चाचणी झाली. परिषदेत पहिल्या शाळेसाठी टाळ्या वाजल्या आणि बाईंच्या हातात ‘प्रगती असमाधानकारक, खुलासा करावा’ असा कागद आला. बाईंनी वाद घातला नाही. हजेरीची वही उघडली आणि नावं वाचायला लागल्या. ही गेल्या वर्षी फडावर होती, हा पण, ही पण. चौथ्या-पाचव्या नावाला साहेब म्हणाले, पुढचा विषय घ्या.

हिशेब साधा आहे. समजा वर्गात 20 मुलं आहेत. 12 जणांची सरासरी 60 टक्के, उरलेल्या 8 जणांची 30. वर्गाची सरासरी झाली 48. ती 8 मुलं गेली की सरासरी थेट 60. कुणी एक अक्षर नवीन शिकलं नाही, तरी शाळा 12 टक्क्यांनी ‘वाढली’. शेजारच्या शाळेत तशीच 20 मुलं आहेत, एकही गेलं नाही आणि प्रत्येक जण 5 टक्क्यांनी पुढं सरकला. तिची सरासरी 53. तक्त्यावर पहिली शाळा हिरवी, दुसरी पिवळी.

माझी सवय अशी: दोन्ही चाचण्यांना बसलेल्या मुलांचीच तुलना करायची, नावानिशी. जी गेली त्यांची वेगळी ओळ. कुठं गेली, शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला नव्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणूनचं) दिलं का, परत कधी आली. या ओळीशिवाय आमच्या केंद्राचा (जवळच्या शाळांच्या गटाचा) गोषवारा माझ्याकडून पुढं जात नाही. उशीर होतो, आरडाओरडा होतो, होऊ दे.

याचीच सख्खी बहीण म्हणजे गैरहजर मुलाला शून्य भरणं. शून्य म्हणजे पेपर दिला आणि काही आलं नाही. गैरहजर म्हणजे गैरहजर.

30 सप्टेंबरला वर्षभराचं सत्य मानणं

युडायस प्लस, म्हणजे देशातल्या सगळ्या शाळांच्या माहितीचं सरकारी पोर्टल, त्यातली माहिती 30 सप्टेंबर या संदर्भ तारखेची असते. देशभर एकच तारीख असायला हवी, हे मान्य. पण मराठवाड्यात ती तारीख नेमकी कुठं पडते ते बघा. ऊसतोड सुरू व्हायच्या आधी, म्हणून पट पूर्ण. पाऊस नुकताच होऊन गेलेला, म्हणून हातपंपाला पाणी. फॉर्मात पिण्याचं पाणी ‘आहे’, मुलींचं स्वच्छतागृह ‘चालू’. दोन्ही उत्तरं त्या दिवशी शंभर टक्के खरी. मार्चमध्ये त्याच शाळेत जा. पंप कोरडा, टाकीत टँकरचं पाणी आलं तर आलं, आणि पाणी नाही म्हणून स्वच्छतागृहाला कुलूप. वरचा साहेब युडायस उघडून म्हणतो, तुमच्याकडं तर सगळं आहे! मी मुख्याध्यापकांना मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पंप, टाकी आणि कुलूप यांचे तारखेसह फोटो काढून फाइलला लावायला सांगतो. पोर्टलवर त्याला रकाना नाही. निधी मागताना मात्र तीच फाइल कामाला येते.

गेल्या वर्षीचा फॉर्म समोर ठेवून यंदाचा भरणाऱ्यांबद्दल काय बोलावं.

जिल्ह्याचा आकडा शाळेच्या गळ्यात बांधणं

केंद्र सरकार शिक्षणात जिल्ह्यांची प्रतवारी लावतं त्या जिल्हा कामगिरी प्रतवारी निर्देशांकात 600 गुण असतात. त्यातले 290 गुण निष्पत्तीचे (शिकण्याच्या आणि इतर परिणामांचे) आहेत, बाकीचे वर्गातली अध्यापन प्रक्रिया, सुविधा, सुरक्षितता, डिजिटल आणि प्रशासन यांत वाटलेले. म्हणजे जिल्हा वर सरकला तर मुलं जास्त वाचायला लागली असंच नाही. ज्याला खरंच कळून घ्यायचंय त्यानं सहाही गटांचे गुण वेगवेगळे मांडावेत. एकूण बेरजेवर भाषण करणाऱ्यांनी निदान निष्पत्तीचा रकाना तरी बघावा.

परख, म्हणजे मुलांना किती येतं ते तपासणारं केंद्र सरकारचं सर्वेक्षण, त्याचंही तेच. ते निवडक शाळांत होतं आणि जिल्ह्याचं चित्र देतं. त्या अहवालावरून एखाद्या शाळेला नोटीस काढणं म्हणजे जिल्ह्याच्या सरासरी पावसावरून एका विहिरीचं पाणी सांगणं. शिवाय त्याआधीचं 2021 चं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीचं होतं, 2024 चं परख तिसरी, सहावी आणि नववीचं. दोन्हींत इयत्ता एकच सामाईक, तिसरी. तरी आठवीच्या शेजारी नववी ठेवून ‘घसरण’ दाखवणारी स्लाइड मी पाहिली आहे, आणि ती बनवणारा मनुष्य गणिताचा होता.

असर या स्वयंसेवी संस्थेच्या सर्वेक्षणाचा आकडा तर मधे आणूच नका. ते लोक गावात घरी जाऊन मुलं तपासतात, शाळेत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

पाच मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे 20 टक्के. दहाच्या खाली पट असेल तर टक्का लिहू नका, मुलांची नावं लिहा.

युडायस क्रमांक 11 अंकी असतो, आपल्या राज्याचा 27 ने सुरू होतो. एक्सेलमध्ये तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा आणि अंक मोजा. एक अंक चुकला की तुमची मुलं दुसऱ्याच शाळेत जमा.

शाळासिद्धीची (शाळेनं स्वतःच करायच्या मूल्यमापनाची) 46 मानकं एका बैठकीत भरून सगळीकडं तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या स्तरावर टिक करणाऱ्या शाळेत मी आधी वाचनालयाची देवघेव वही मागतो. बहुतेकदा कपाटाची किल्ली सापडत नाही.

लातूरच्या बारावीच्या निकालावरून लातूरच्या प्राथमिक शाळा जोखू नका. तिथल्या कॉलेजांत नांदेड, परभणी, बीडची पोरं खोल्या करून राहतात.

गुण भरायची शेवटची तारीख आली की ग्रुपवर ‘आजच्या आज 100 टक्के करा’चे मेसेज सुरू होतात आणि गुरुजी अंदाजानं गुण टाकतात. मी चाचणीनंतरच्या आठवड्यात, कुणाला न सांगता, प्रत्येक वर्गाच्या पाच उत्तरपत्रिका काढून भरलेल्या गुणांशी ताडून बघतो. दोन जरी जुळल्या नाहीत तरी तो वर्ग पूर्ण पुन्हा भरायला लावतो. साहेबांना उशिराचं कारण मी सांगतो, गुरुजींना सांगायला लावत नाही.