सकाळी साडेसातचं संकलन आणि आमचा सर्व्हर

दूध संकलन केंद्रावर सकाळी सहा ते साडेआठ ही वेळ कुणासाठी थांबत नाही. माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी असतात. वजन होतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) मोजलं जातं, पावती निघते. पावती अडकली की रांग अडकते. अशा केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पुण्यातल्या एका लहान कंपनीत मी काम करते. ऑफिसातल्या एका मशीनवर चालणारं ते सॉफ्टवेअर ॲमेझॉनच्या क्लाउडवर, म्हणजे एडब्ल्यूएसवर, न्यायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला क्लाउडमधलं फारसं काही येत नव्हतं. आता नवीन मुलंमुली रुजू होतात, त्यांना पहिल्या महिन्यात मी जे सांगते ते इथे लिहिते आहे. अझूर किंवा गूगल क्लाउडवर सेवांची नावं वेगळी असतील, दुखणी बरीचशी हीच.

खातं उघडलं की आधी रूट लॉगिनला (सगळे अधिकार असलेल्या मुख्य लॉगिनला) एमएफए, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खात्री, लावा आणि ते लॉगिन बाजूला ठेवून द्या. रोजच्या कामासाठी प्रत्येकाला वेगळा प्रवेश द्या, आणि तोही लागेल तेवढाच. ॲक्सेस की (प्रोग्रामला खात्यात शिरू देणारी गुप्त किल्ली) कोडमध्ये लिहून गिटवर, म्हणजे कोडचा सगळा इतिहास साठवणाऱ्या यंत्रणेवर, टाकू नका. तिथला कोडचा साठा (रिपॉझिटरी) सार्वजनिक असेल तर अशा की शोधत फिरणारे बॉट ती काही मिनिटांत उचलतात. नंतर ओळ पुसून उपयोग नाही, जुन्या कमिटमध्ये (आधी नोंदवलेल्या बदलात) ती तशीच राहते. की रद्दच करावी लागते.

दुसरं काम बजेट अलर्टचं, तेही पहिल्याच दिवशी. अलर्ट फक्त ईमेल पाठवतो, आपण होऊन काहीही बंद करत नाही. शिवाय खर्चाचा आकडा काही तास मागे असतो. त्यामुळे मर्यादा ठरवताना थोडी खालचीच ठेवा. पैसा गुपचूप कुठे जातो, हे मला बिलं वाचूनच कळलं. नॅट गेटवे (आतल्या मशीनना इंटरनेटवर जाऊ देणारं दार) नुसता उभा असला तरी तासाचे पैसे लागतात, शिवाय त्यातून जाणाऱ्या डेटाचे वेगळे. १ फेब्रुवारी २०२४पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला (मशीनच्या इंटरनेटवरच्या पत्त्याला) तासाला ०.००५ डॉलर पडतात, म्हणजे महिन्याला साधारण ३.६५ डॉलर. मशीन काढून टाकलं तरी त्याला जोडलेली डिस्क कधीकधी मागे राहते आणि तिचं भाडं चालू राहतं. क्लाउडवॉच या देखरेखीच्या सेवेतले लॉग (ॲपच्या नोंदी) तर मुदत घातली नाही तर कायमचे साठत जातात. माझी स्वतःची चूक आरडीएसची, म्हणजे एडब्ल्यूएसच्या डेटाबेस सेवेची. टेस्टिंगचा डेटाबेस मी ‘स्टॉप’ केला आणि निश्चिंत झाले. थांबवलेला आरडीएस सात दिवसांनी आपोआप पुन्हा सुरू होतो, हे मी वाचलेलंच नव्हतं. महिनाअखेरीस बिलात दिसलं.

रीजनकडे, म्हणजे आपली मशीन्स ज्या भागातल्या डेटासेंटरमध्ये आहेत त्याकडे, लक्ष असू द्या. मुंबई रीजन २०१६मध्ये सुरू झाला, हैदराबाद २०२२मध्ये. आमची केंद्रं महाराष्ट्रातली, म्हणून आम्ही मुंबई घेतला. कन्सोलच्या वरच्या कोपऱ्यात भलताच रीजन निवडलेला असेल तर आपलं मशीन दिसतच नाही आणि नवखा माणूस घाबरतो. उलटही होतं: अमेरिकेतल्या रीजनमध्ये चुकून उभं केलेलं मशीन कुणाच्या नजरेत येत नाही आणि बिल वाढत राहतं.

आता वेळेबद्दल. याने आम्हाला सगळ्यात जास्त छळलं, म्हणून सविस्तर सांगते. शेतकऱ्यांची दर दहा दिवसांची बिलं बनवायला आमचा एक जड रिपोर्ट होता. मी तो क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या साधनात) रोज रात्री दोनला लावला. पुढचे तीन दिवस सकाळी पावत्या रेंगाळू लागल्या. आम्ही केंद्रावरचं नेटवर्क तपासलं, सिमकार्ड बदलायला लावलं, प्रिंटरवर संशय घेतला. शेवटी एका केंद्रावरचे काका फोनवर म्हणाले, “ताई, रोज बरोब्बर साडेसातलाच अडकतंय बघा.” त्या एका वाक्याने गाठ सुटली. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, होतं. यूटीसीचे रात्रीचे दोन म्हणजे आपले सकाळचे साडेसात. ऐन संकलनात तो रिपोर्ट अख्खा डेटाबेस पिळून काढत होता.

सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर आणू नका असंच मी सांगेन. सर्व्हर आणि डेटाबेस यूटीसीवरच राहू द्या आणि वेळापत्रक लिहिताना साडेपाच तास वजा करा. रात्री दोनला काम हवं तर क्रॉनमध्ये २०:३० येतं. एडब्ल्यूएसची इव्हेंटब्रिज शेड्युलर ही वेळापत्रकाची सेवा वापरलीत तर तिथे टाइमझोनच देता येतो, ते जास्त बरं. पण तारखेचा घोळ वेगळा सांभाळावा लागतो. लवकर उघडणाऱ्या एखाद्या केंद्रावर पहाटे सव्वापाचला घातलेलं दूध यूटीसीप्रमाणे आदल्या दिवशीच्या रात्री पावणेबाराचं असतं. ‘आजची तारीख’ कोडने सर्व्हरकडून घेतली तर ते दूध कालच्या खात्यावर चढतं, आणि दहाव्या दिवशी शेतकऱ्याच्या बिलात एक वेळ कमी भरते. वेळ यूटीसीत साठवा, पण तारीख काढताना ‘एशिया/कोलकाता’ स्पष्ट लिहा.

दुसरी गोष्ट ५०२ची, म्हणजे मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर न मिळाल्याच्या एररची. आमचं ॲप नोडजेएसवर (जावास्क्रिप्ट चालवणारी यंत्रणा, थोडक्यात नोड) आहे आणि पुढे विनंत्या वाटून देणारा लोड बॅलन्सर. दिवसातून पाच-सहा वेळा केंद्रांना ५०२ यायचा. ॲपच्या लॉगमध्ये मात्र त्या विनंतीचा मागमूसही नसायचा. लोड बॅलन्सरचे ॲक्सेस लॉग मुळात बंद असतात, ते मी एसथ्रीमध्ये (एडब्ल्यूएसच्या फाइल साठवायच्या सेवेत) चालू केले, तेव्हा दिसलं की ॲपकडून उत्तरच आलेलं नाही. कारण साधं होतं. लोड बॅलन्सर रिकामं कनेक्शन ६० सेकंद धरून ठेवतो. आम्ही वापरत होतो त्या नोडची डीफॉल्ट मुदत ५ सेकंदांची. नोड दार लावून घेतो, त्याच क्षणी लोड बॅलन्सर त्याच दारातून नवी विनंती पाठवतो, आणि ती हवेत विरते. नोडचा कीप-अलाइव्ह टाइमआउट, म्हणजे हीच मुदत, आम्ही ६५ सेकंद केला आणि ५०२ थांबले. मागच्या सर्व्हरची मुदत पुढच्या लोड बॅलन्सरपेक्षा नेहमी जास्त ठेवा. भाषा कुठलीही असो, हे लागू आहे.

हेल्थ चेकबद्दल (ॲप जिवंत आहे का, ही यंत्रणेची सततची तपासणी) माझं मत ठाम आहे: त्यात डेटाबेस तपासू नका. डेटाबेस दहा-वीस सेकंद अडखळला तर एकाच वेळी सगळे कंटेनर (ॲपच्या चालू प्रती) ‘आजारी’ ठरतात आणि यंत्रणा चांगले चालणारे कंटेनर मारून नवीन उभे करायला लागते. मग किरकोळ अडखळण्याचं मोठं आजारपण होतं.

डिप्लॉय करायची, म्हणजे नवा कोड चढवायची, आमची वेळ दुपारी बारा ते तीन. सकाळ-संध्याकाळच्या संकलनात कितीही छोटा बदल असला तरी हात लावत नाही. इमेजला (ज्या साच्यातून कंटेनर उभा राहतो त्याला) ‘लेटेस्ट’ हा टॅग आम्ही देत नाही, कमिटचा क्रमांक देतो. म्हणजे काही बिघडलं तर कालचं नेमकं कुठलं चालू होतं हे शोधत बसावं लागत नाही. ईसीएस (कंटेनर चालवणारी एडब्ल्यूएसची सेवा) जुना कंटेनर बंद करताना आधी सूचना देतो आणि डीफॉल्टने ३० सेकंद थांबतो. ती सूचना ॲपने ऐकली पाहिजे आणि हातातली पावती पूर्ण करूनच थांबलं पाहिजे. टेबलात बदल असेल तर आधी नवा कॉलम घाला, मग कोड चढवा, जुना कॉलम पुढच्या आठवड्यात काढा. डिप्लॉय चालू असताना जुना आणि नवा कोड काही मिनिटं शेजारी शेजारी चालतात, आणि मागे फिरायची वेळ आली तर जुन्या कोडला जुना कॉलम लागतोच.

कुबरनेटिस (पुष्कळ कंटेनर सांभाळणारी मोठी यंत्रणा) शिकू का, असं सगळेच विचारतात. दोन सेवा आणि एक डेटाबेस असेल तर ईसीएस फारगेट (खालचे सर्व्हर आपण न सांभाळता कंटेनर चालवायची सोय) पुरतं. आधी लिनक्स, नेटवर्क आणि एसक्यूएल पक्कं करा. सर्टिफिकेशनने शब्द ओळखीचे होतात, मुलाखतीला बोलावणंही येतं, म्हणून जरूर करा.

बॅकअपवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. आरडीएसचा आपोआप होणारा बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवसांचा ठेवता येतो, आणि त्या काळातल्या कुठल्याही क्षणाला, साधारण पाच मिनिटांपूर्वीपर्यंत, परत जाता येतं. पण परत जाणं म्हणजे चालू डेटाबेस मागे फिरवणं नव्हे. रिस्टोअर केला की नवाच डेटाबेस उभा राहतो, नव्या पत्त्यासह. ॲपला तो पत्ता द्यावा लागतो. सिक्युरिटी ग्रुप (कुणाला आत येऊ द्यायचं याचे नियम) निवडला नाही तर डीफॉल्ट लागतो आणि ॲपला दार बंद मिळतं. सुरुवातीच्या क्वेरीही संथ चालतात, कारण डेटा मागून हळूहळू डिस्कवर येत असतो. पहिल्यांदा सराव केला तेव्हा मी वीस मिनिटं धरली होती. एक तास चाळीस मिनिटं लागली, त्यातला अर्धा तास सिक्युरिटी ग्रुपमध्येच गेला. त्यानंतर मी सगळ्या पायऱ्या एका कागदावर लिहून काढल्या.

तो सराव आम्ही दर तीन महिन्यांनी करतो. नवीन आलेल्याला दुसऱ्या महिन्यात हेच काम मिळतं. कागद त्याच्या हातात, मी शेजारच्या खुर्चीवर, घड्याळ चालू. कागदावरची एखादी पायरी त्याला कळली नाही, तर ती तिथल्या तिथे तोच नव्याने लिहितो.