भातखाचरालगतचा डुकरांचा वाडा
गोव्यात पावसाचा जोर ओसरून ऊन पडू लागले की भातखाचरांतील साचलेले पाणी उबदार होते आणि जपानी मेंदूज्वराचा विषाणू वाहणारे क्युलेक्स डास अंड्यापासून साधारण 8 ते 10 दिवसांत उडू लागतात. खाचरांत उतरणाऱ्या बगळ्यांकडून हा विषाणू डासांमार्फत डुकरांत पोहोचून झपाट्याने वाढतो. गाभण मादीला मृत पिल्ले होऊ शकतात, मोठे डुक्कर मात्र बहुधा निरोगीच दिसते, त्यामुळे डास त्याच्याकडून माणसांपर्यंत विषाणू नेत असल्याचे कळत नाही, आणि खरी काळजी हीच आहे. म्हणून वाडा शेतापासून व घरापासून शक्य तितका दूर ठेवावा, सूर्यास्तापूर्वी त्याला बारीक जाळी लावावी, आणि निचऱ्याची सोय असल्यास, फुलोऱ्याचा काळ वगळून, खाचरातील पाणी अधूनमधून काढावे.