देव्हाऱ्यातलं पदक

आमच्या पारोळ्याकडच्या घरी देव्हाऱ्यात खंडेरावाच्या टाकाशेजारी एक काळपट पदक असायचं. त्यावर घोडेस्वार कोरलेला, म्हणून आजीनं तेही खंडेरावच ठरवून टाकलं होतं. दिवाळीत चिंच लावून घासलं की ते तांबूस निघायचं आणि दरवर्षी सोनाराचा उद्धार व्हायचा, मेल्यानं चांदीचं ठेवून घेतलं म्हणून.

आजी सांगायची, "मना सासरा बसराले गयथा." पुढची गोष्ट काकांची: पणजोबा सुभेदार, इराकमधल्या कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकले, उपाशी राहिले पण घोड्याचं मांस खाल्लं नाही. ती ऐकत मोठा झालो आणि एम.ए.ला पहिलं महायुद्धच घेतलं.

नव्यानं या विषयाकडे येणाऱ्यांना सांगतो, घरची गोष्ट नीट ऐका, ज्या बोलीत सांगितली त्याच बोलीत उतरवून घ्या (मी अहिराणीचं प्रमाण मराठी करून बसलो आणि निम्मा अर्थ गमावला), आणि मग तिच्यावर संशय घ्या. कुतचा वेढा 7 डिसेंबर 1915 ला सुरू झाला, 29 एप्रिल 1916 ला आतल्या ब्रिटिश-हिंदी फौजेनं शरणागती पत्करली. कैदी झालेले बहुतेक शिपाई युद्ध संपेपर्यंत तुर्कांच्या ताब्यात होते. आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममधल्या कोतवाल बुकात (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत) माझ्या आजोबांचा जन्म जानेवारी 1918! म्हणजे पणजोबा तेव्हा तुर्कांच्या कैदेत असणं शक्य नाही. ती नोंद मोडीत आहे, तेव्हा मोडी शिकाच. अक्षरं लवकर येतात, जुनं हस्ताक्षर वाचायला मात्र सराव लागतो.

मग पदक पुन्हा हातात घेतलं. घासू नका, तेवढं पथ्य पाळा. मोबाइलचा टॉर्च आडवा धरा आणि कड फिरवत फोटो काढा. ब्रिटिश वॉर मेडलच्या (पहिल्या महायुद्धातल्या सेवेबद्दल दिलेल्या पदकाच्या) कडेवर नंबर, नाव आणि तुकडी ठोकलेली असते. आमच्या कडेवर शेवटचे शब्द निघाले ते 'पोर्टर कोर'. म्हणजे हमाल. लढणाऱ्यांना हे पदक चांदीचं मिळे, मजूर आणि हमाल तुकड्यांना ब्राँझचं. सोनार बिचारा उगाच शिव्या खात होता.

एम.ए.च्या अभ्यासाचा विषय हमालांवर नेला तर मार्गदर्शक म्हणाले, "त्यात इतिहास काय?" सहा महिने त्या वादात गेले. मला मात्र पोती वाहणाऱ्यांशिवाय मेसोपोटेमियातली (म्हणजे आजच्या इराकमधली) फौज एक दिवस तरी कशी जेवली असती, हेच कळेना. मारले गेलेल्यांपैकी अनेकांच्या नोंदी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत फुकट शोधता येतात. जिवंत परतलेल्यांसाठी घरोघर फिरावं लागतं, आणि तिथे पुरुषांपेक्षा म्हाताऱ्या बायांना जास्त आठवतं.

आजीला खरं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हमाल का होयेना, तठून परत तं उना ना?" आणि पदकाला हळद वाहिली.

काकांनी मात्र मागच्या वर्षी मुलाच्या लग्नपत्रिकेत 'कै. सुभेदार' छापलंच.