सिनेमा संपल्यानंतरची वीस मिनिटं

सिनेमातून काय घ्यायचं, हे बऱ्याचदा सिनेमाच तोंडाने सांगून टाकतो. शेवटच्या दहा मिनिटांत कुणीतरी भाषण करतं, मागे व्हायोलिन चढतं, शेजारच्या खुर्चीत नाक ओढल्याचा आवाज येतो. ते भाषण सगळ्यांसाठी लिहिलेलं असतं, त्यामुळे नेमकं आपल्याला त्यातून फारसं काही मिळत नाही. म्हणून पात्र काय बोललं ते सोडून द्या. त्याने काय केलं आणि ते करताना काय गमावलं, एवढंच पकडा. सामान थोडं लागतं: एक पाठकोरा कागद, पेन आणि सिनेमा सुटल्यावरची वीस मिनिटं.

परीक्षणं आधी वाचू नका, ती नंतर वाचायला जास्त मजा येते. आणि ‘प्रेरणादायी’ असा शिक्का बसलेल्या सिनेमाला जरा सावध जा, त्यात उत्तर आधीच छापलेलं असतं.

हॉलमध्ये टिपणं काढू नका. अपवाद मध्यंतराचा. आपल्या मराठी-हिंदी सिनेमात पटकथाकार बहुधा मध्यंतराच्या तोंडावरच गाठ मारून ठेवतो, याचा फायदा घ्या. पॉपकॉर्नच्या रांगेत उभं राहण्याआधी दोन वाक्यं लिहा: ‘आता ही काय करील?’ आणि ‘तिच्या जागी मी काय केलं असतं?’ दोन्ही उत्तरं सारखी आली तर सिनेमा करमणुकीचा झाला, छान. वेगळी आली तर तुमचं काहीतरी तिथे अडकलेलं आहे. इंग्रजी सिनेमाला हे नीट लागू पडत नाही, कारण तिथे मध्यंतर थिएटरवाल्याने सोयीने पाडलेलं असतं.

सिनेमा सुटला की सोबतच्या माणसाला ‘कसा वाटला?’ विचारू नका. त्या प्रश्नाला ‘ठीक’, ‘भारी’, ‘लांबलाय’ यापलीकडे उत्तर येत नाही, आणि एकदा तोंडातून ‘लांबलाय’ गेलं की पुढे आपण त्याचीच बाजू लढवत बसतो. फोनही बंदच राहू दे. वाशीला सिनेमा बघून ठाण्याला परतत असाल तर ट्रान्सहार्बरच्या लोकलमध्ये अर्धा तास आयताच मिळतो. ठाण्यातच असाल तर तलावपाळीचा कट्टा आहे. घोडबंदर रोडने बाइकवर जायचं असेल तर किल्ली फिरवण्याआधी पार्किंगमध्येच दहा मिनिटं काढा. घरी पोचेपर्यंत डोक्यात फक्त ट्रॅफिक उरतं.

कागदावर तीन ओळी लिहायच्या. एक दृश्य, एक वस्तू, एक खटकलेली गोष्ट. दृश्य लिहिताना मत लिहायचं नाही, फक्त काय दिसलं ते. तिसरी ओळ सगळ्यात कामाची, कारण जे आवडतं त्यावर आपण लगेच सहमत होतो आणि विसरतो, खटकलेलं मात्र दोन दिवस बोचत राहतं. वस्तू कशाला, असं विचाराल. वस्तू उपदेश करत नाही, म्हणून.

पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ घ्या. 2024 साली कान महोत्सवात त्याला ग्रां प्री हे पारितोषिक मिळालं. मुंबईतल्या नर्स प्रभाच्या घरी जर्मनीहून एक राइस कुकर येतो. नवरा तिकडे असतो, बोलणं बंद झालेलं. एका रात्री ती तो कुकर छातीशी धरून बसते. ‘एकटेपणा वाईट’ असं लिहिलंत तर कागद फुकट गेला. ‘कुकर’ एवढंच लिहा आणि शेजारी विचारा: आपल्या घरात अशी कुठली वस्तू आहे, जी माणसाऐवजी आली?

त्याच सिनेमात हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करणारी पार्वती आहे. छाया कदम यांनी केलेली. ती राहते ती जागा बिल्डरला हवी आहे, आणि इतकी वर्षं तिथे राहूनही ते सिद्ध करणारा कागद तिच्याकडे नाही. नवरा वारला, कागदाचं काय ते त्याने तिला कधी सांगितलंच नव्हतं. शेवटी ती रत्नागिरीकडे गावी परतते. नौपाड्यात, जुन्या ठाण्यात जिथे पुनर्विकासाच्या मीटिंगा चालू आहेत, तिथल्या माणसाला हे दृश्य वेगळंच लागणार. आता त्या तीन ओळींखाली चौथी लिहायची, आपण काय करणार त्याची. ती ‘शहर माणसाला गिळतं’ ही नव्हे. ओळ अशी निघाली पाहिजे: ‘रविवारी आईला शेजारी बसवून सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा), लाइट बिल आणि नॉमिनेशनची प्रत दाखवायची, फाइल कुठल्या कपाटात आहे ते सांगायचं.’ एका सिनेमातून एवढं निघालं तरी तिकीट वसूल.

ओळीचं माप हेच. सात दिवसांत करता येईल, तासाभरात उरकेल आणि त्यात एखाद्या खऱ्या माणसाचं नाव असेल. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘आयुष्य’ हे तीन शब्द ओळीत आले की ती खोडा. ते आले म्हणजे ओळ पोस्टरवर लावायला चांगली आणि सोमवारी सकाळी निरुपयोगी.

सगळ्यात जास्त चूक होते ती पात्र निवडताना. प्रत्येकजण नायकाच्या खुर्चीत बसतो. ‘ट्वेल्थ फेल’ (2023) बघून ‘हार मानायची नाही’ हे घेऊन बाहेर पडलेल्यांची संख्या मोठी. सिनेमा महाराष्ट्र केडरचे आयपीएस अधिकारी मनोजकुमार शर्मा यांच्या आयुष्यावर आहे, आणि ते परीक्षा पास झाले म्हणूनच तो सिनेमा झाला. नागरी सेवा परीक्षेला अर्ज लाखोंनी येतात, निवड होते हजाराच्या आसपास. बाकीच्यांवर कोण सिनेमा काढणार? पण त्यातलाच एक तिथे आहे: गौरी भैया. त्याच्या सगळ्या संधी संपतात, मग तो चहाची टपरी टाकतो आणि मागून येणाऱ्या पोरांना मदत करतो. परीक्षा देणाऱ्या मुलाने आणि त्याच्या बापाने खरं तर या माणसाच्या खुर्चीत बसून सिनेमा पुन्हा बघावा. शेवटचा प्रयत्न हुकला तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं, हे कागदावर लिहायला तिथून सुरुवात होते. अभ्यास चालू असतानाच लिहिलेलं बरं, निकालाच्या दिवशी ते सुचत नाही.

‘बाईपण भारी देवा’त सहा बहिणी आहेत. त्यातली मी कोणती, हे स्वतः ठरवू नका, कारण आपण आपल्याला शोभणारीच निवडतो. सख्ख्या बहिणीला विचारा आणि उत्तर ऐकून पाच मिनिटं गप्प बसा.

रडू आलं म्हणजे अर्थ सापडला, असंही नाही. सिनेमा ओटीटीवर आला की तेच दृश्य आवाज बंद करून बघा. तरीही आत काही हललं तर ते दृश्याचं. नाही हललं तर ते पार्श्वसंगीताचं, त्याला दाद द्या आणि पुढे चला. याच वेळी आणखी एक गोष्ट तपासता येते. बघण्याआधी ते दृश्य आठवणीतून चार ओळींत लिहून काढा, मग ताडून बघा. बाप दारात उभा होता असं तुम्ही लिहिलंय आणि पडद्यावर तो खुर्चीत बसलेला आहे, तर तो उभा बाप तुमच्या घरातला असू शकतो. ही चूक खोडू नका, तिच्याखाली रेघ मारा. बाकी सगळ्या टिपणांपेक्षा जास्त हाती लागतं ते इथेच.

मुलांना सिनेमाला नेलंत तर परतताना ‘काय शिकलास?’ विचारू नये. पुढच्या वेळी पोरगं सोबत येणार नाही. ‘कुठे कंटाळा आला?’ विचारा, उत्तर लांबलचक मिळतं. बायकोला, सुनेला किंवा नवऱ्याला ‘बघ, शिक जरा’ म्हणून सिनेमा दाखवणं हा तर सरळ सरळ टोमणा, त्यासाठी तिकिटाचे पैसे घालवू नयेत. आणि घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर त्याच विषयावरचा सिनेमा घेऊन कागद-पेन काढू नका. अशा दिवसांत साधा विनोदी सिनेमा बघावा, लिहायचं काहीच नाही.

चारचौघांत बोलायचं असेल तर सहा ते आठ माणसं पुरेत. दहाच्या पुढे गेलं की दोघेच बोलतात. सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून ओटीटीवरचा सिनेमा दाखवायचा मोह टाळा. ते सबस्क्रिप्शन घरगुती वापरासाठी असतं, जाहीर खेळाला वेगळी परवानगी लागते. ज्याने त्याने आपापला बघावा, भेटायचं फक्त बोलायला, आणि ते आठवड्याच्या आत. पहिल्या फेरीत प्रत्येकाने दोन मिनिटांत आपलं दृश्य सांगायचं, मत न देता. आठ जणांची ही फेरी पाव तासात होते, आणि एकाच सिनेमातली आठ वेगळी दृश्यं निघाली की निम्मं काम झालेलं असतं. ‘दिग्दर्शकाला असं म्हणायचंय’ हे वाक्य पहिला अर्धा तास बंद. ते सुरू झालं की ज्याने जास्त सिनेमे पाहिलेत तो मास्तर होतो आणि इतरांचे कागद खिशात जातात. पाऊण तासाने थांबायचं, चर्चा रंगात असली तरी. चहा शेवटी ठेवा. आधी दिला तर पुनर्विकासाचा विषय निघतो आणि सिनेमा राहून जातो.