मंडईच्या मंचावर म्हाताऱ्या पैलवानाची आठवण: एकांकिका कशी बसवावी

दिवाळी आटोपली की भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागतात, आणि पुढे शंकरपटांचा, म्हणजे बैलांच्या शर्यतींचा, हंगाम लागला म्हणजे नाटकावाचून रात्र जात नाही. या हंगामासाठी पाऊण तासाची एकांकिका बसवायची असेल आणि गावातली पोरे टीव्हीवरच्या व्यावसायिक कुस्तीने भारलेली असतील, तर एका निवृत्त पैलवानाने विजेतेपदाच्या पट्ट्यासाठी झालेले जुने वैर आणि त्या वैरात फुटलेला आपला गट आठवून सांगणे, हा विषय अवश्य घ्यावा. मी तो दोन हंगाम मंचावर आणला आहे. त्यातून जे शिकलो ते येथे क्रमाने मांडतो, परंतु जेथे चुकल्यास कोणाची मान मोडू शकते तेथे अधिक वेळ थांबणार आहे.

सर्वांत आधी एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो, कारण तो प्रेक्षकांतून हमखास येतो: ही कुस्ती खरी की खोटी? आपल्याकडे आमदंगलीत, म्हणजे कुस्त्यांच्या फडात, ठरवून लढलेल्या कुस्तीला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात आणि तो शब्द शिवीसारखाच वापरला जातो. नुरा कुस्तीत प्रेक्षकाला निकाल ठरलेला नाही असे भासवून फसवलेले असते. व्यावसायिक कुस्तीत मात्र निकाल लेखक ठरवतात ही गोष्ट आता जगजाहीर आहे, आणि तरीही लोक ती पाहतात, जसे नाटकातला खलनायक हा शेजारच्या गावचा शेतकरी आहे हे ठाऊक असूनही आपल्याकडच्या बाया त्याला बोटे मोडतात. म्हणून ही गोष्ट शेवटपर्यंत दडवून ठेवून तिचा धक्का देण्याचा मोह टाळावा. म्हाताऱ्याने पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकावे. आमच्या संहितेत त्याचे वाक्य असे होते: “निकाल लिवला होता गा, पर पाठीले जे लागे ते लिवलं नोतं.” एवढे बोलून झाले की प्रेक्षक ‘कोण जिंकले’ हा प्रश्न सोडून देतो आणि ‘या दोघांमध्ये काय होते’ हा प्रश्न हाती घेतो. संपूर्ण एकांकिका त्या दुसऱ्या प्रश्नावर उभी राहते.

झाडीतला पोरगा परदेशातल्या कंपनीत कसा पोहोचला, यावर पाने खर्च करू नयेत. हिमाचल प्रदेशाच्या सिरमौर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला आणि पंजाब पोलिसांत नोकरी केलेला द ग्रेट खली 2006 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी व्यावसायिक कुस्ती कंपनीच्या रिंगणात उतरला आणि 2007 मध्ये त्याने तेथील वर्ल्ड हेवीवेट पट्टा मिळवला, हे प्रेक्षकांतल्या बहुतेक पोरांना ठाऊक असते. त्याचा उल्लेख एका वाक्यात आला तरी पुरतो.

कथानक रचताना हवेतून गट निर्माण करण्यापेक्षा एखादा प्रसिद्ध गट नीट अभ्यासावा. माझ्या मते यासाठी 2003 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत उभा राहिलेला ‘इव्होल्यूशन’ हा गट सर्वांत उपयुक्त आहे, कारण त्याची घडण एखाद्या एकत्र कुटुंबासारखी स्पष्ट आहे. ट्रिपल एच हा कर्ता, रिक फ्लेअर हा अनुभवी वडीलधारा, बटिस्टा हा अंगबळाचा आणि रँडी ऑर्टन हा उमेदीचा पोरगा. 15 ऑगस्ट 2004 रोजी ऑर्टन अवघ्या 24 व्या वर्षी विश्वविजेता झाला. दुसऱ्याच रात्री गटाने त्याचा सत्कार मांडला, बटिस्टाने त्याला खांद्यावर घेतले, ट्रिपल एचने अंगठा वर करून शाबासकी दिली आणि मग तोच अंगठा हळूहळू खाली वळवला. खांद्यावरचा पोरगा त्याच क्षणी मागे आपटला गेला. त्याचा गुन्हा एवढाच होता, की जो पट्टा कर्त्याच्या खांद्यावर शोभायचा तो घरातल्या धाकट्याच्या खांद्यावर आला होता.

या प्रसंगाचे खरे मोल सहा महिन्यांनंतर कळते. फेब्रुवारी 2005 मध्ये, पट्टा पुन्हा ट्रिपल एचकडे असताना, बटिस्टाला कोणत्या विजेत्याला आव्हान द्यायचे ते निवडायचे होते. गटाशी इमान राखून तो ट्रिपल एचच्या वाटेला जाणार नाही, अशी कर्त्याची अपेक्षा होती. बटिस्टाने सर्वांसमोर अंगठा वर केला, क्षणभर थांबला आणि तोच अंगठा खाली वळवून कर्त्याला टेबलावर आदळले. 3 एप्रिल 2005 रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्याने पट्टाही घेतला. जी खूण एकदा दुसऱ्याचा घात करण्यासाठी वापरली गेली, तीच खूण परत फिरून वापरणाऱ्यावर उलटली, आणि मधल्या काळात प्रेक्षक ती विसरला नव्हता. आपल्या संहितेतही अशी एकच खूण शोधावी आणि ती दोनदाच वापरावी. अंगठा उचलून घेऊ नये. तो त्यांचा आहे. आम्ही फेट्याचा उपयोग केला: विजयी पैलवानाला गटाचा म्होरक्या स्वतःच्या हाताने फेटा बांधतो, आणि ज्या रात्री गट फुटतो त्या रात्री बांधता बांधता मध्येच थांबून तो फेटा उलगडू लागतो. दुसऱ्या वेळी म्होरक्याच्याच डोक्यावरचा फेटा दुसऱ्या कोणाच्या हातांनी उलगडला जातो. प्रयोगात त्या जागी एकही संवाद नव्हता आणि मंडपात कोणी हू की चू केले नाही.

गट का फुटला याचे कारण गावाला आपले वाटले पाहिजे. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, सख्ख्या भावांची तोंडे फिरलेली प्रत्येक गावात असतात, आणि तेथे कोणाला हातभर जमीन खरोखर हवी असते असे नाही. आपल्याआधी त्याने नांगर घातला, हे सलत असते. पट्ट्याचेही तसेच आहे. मात्र म्हाताऱ्याच्या तोंडी “हे धुऱ्यासारखंच आहे” असे वाक्य घालू नये. प्रेक्षकाला ते आपोआप दिसते, आणि दाखवून दिले की त्याची धार जाते.

आता आठवणीबद्दल. आठवणारा पैलवान एकच गोष्ट दोनदा जगलेला असतो: एकदा लोकांना दिसली तशी आणि एकदा दोघांच्या कानाजवळ घडली तशी. म्हणून प्रत्येक लढतीला दोन थर ठेवावेत. मंचाच्या मध्यभागी दोन तरुण नट लढत दाखवतात. एका कडेला बाजेवर बसलेला म्हातारा, लोकांना जे ऐकू आले नव्हते ते सांगतो, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने मिठी घालताना कानात काय कुजबुजले, दम संपला तेव्हा कोणी कोणाला सावरून घेतले, इत्यादी. लोकांच्या डोळ्यांत जे वैर होते त्याच्या तळाशी दोन देहांचा विश्वास होता, हे त्यातून उलगडत जाते. आमच्या म्हाताऱ्याचे सर्वांत जास्त दाद घेणारे वाक्य याच जागी येई: “त्यानं मले तीनशे खेपा पाडलं, पर एक खेप दुखू देलं नाई.”

या विश्वासाला एकदा, केवळ एकदाच, तडा जाऊ द्यावा. त्यासाठी 9 नोव्हेंबर 1997 ची कॅनडातल्या माँट्रियल येथील ब्रेट हार्ट आणि शॉन मायकल्स यांची लढत समजून घेणे आवश्यक आहे. विजेता असलेला हार्ट ती कंपनी (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) सोडून जाणार होता; ठरलेला शेवट निराळा होता; परंतु मालकाने हार्टला अंधारात ठेवून घंटा वाजवायला लावली आणि त्याच्याच देशात, त्याने हार मानलेली नसताना, पट्टा मायकल्सला दिला. लिहिलेल्या गोष्टीतला हा न लिहिलेला घात होता. दोघांनी पुन्हा एका रिंगणात उभे राहून हात मिळवले ते जानेवारी 2010 मध्ये, म्हणजे 12 वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. म्हाताऱ्याच्या आयुष्यातही अशी एक रात्र असू द्यावी, आणि ती सांगताना मधले नट स्थिर ठेवावेत. सगळ्या लढती दाखवाव्यात, ही एकच दाखवू नये.

म्हाताऱ्याच्या भूमिकेसाठी नट निवडताना एक पथ्य पाळावे. विनोदी नट ही झाडीपट्टीची शान आहे, आणि इथलेच नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्या परंपरेचाच गौरव झाला, असे मी मानतो. तरीही ही भूमिका ज्याला पाहताच प्रेक्षक हसतात अशा नटाला देऊ नये, कारण पहिल्या पाच मिनिटांतली कबुली हशात बुडाली तर पुढे काहीच सावरता येत नाही.

यापुढचा भाग मंचाचा आणि देहाचा आहे. डब्ल्यूडब्ल्यूईचे रिंगण 20 फुटांचे चौरस असते. पोलादी सांगाड्यावर फळ्या, फळ्यांवर पातळ फोम आणि वर ताणलेले जाड कापड अशी त्याची बांधणी असते. आपल्या मंचावर 12 फूट पुरतात. फळ्यांवर नुसती तनीस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरू नये, कारण सुट्या तणशीत पाय रुततो आणि घोटा मुरगळतो. तनीस पोत्यांत वीतभर जाडीची ठासून भरावी, पोती दाभणाने एकमेकांना शिवून घ्यावीत आणि वर जाड दरी ताणून चारही बाजूंनी खिळवावी. ताडपत्री वापरू नये; हिवाळ्याच्या रात्री तिच्यावर दव उतरते आणि पाय घसरतो. दोर तीन असावेत. नायलॉनचा दोर कातडी सोलतो, म्हणून त्यावर जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळाव्यात. दोरांच्या बल्ल्या स्वतंत्र, जमिनीत दोन हात खोल पुरलेल्या असाव्यात. पहिल्या वर्षी आम्ही मंडपाच्याच खांबाला दोर बांधला, एका नटाने त्यावर भार टाकला आणि अर्धी कनात प्रेक्षकांवर झुकली. सुदैवाने कोणाला लागले नाही, परंतु त्या रात्री मला झोप आली नाही.

पडणे हे या कलेचे मुळाक्षर आहे आणि ते दीड महिना आधीपासून शिकवायला घ्यावे. पहिला आठवडा फक्त बसलेल्या स्थितीतून मागे पडण्याचा, दुसरा उकिडव्याने, आणि उभ्याने पडणे त्यानंतरच. हनुवटी छातीला चिकटलेली असली पाहिजे, म्हणजे डोके मागे आपटत नाही. श्वास पडताना सोडावा, कोंडू नये. आघात पाठीच्या वरच्या रुंद भागावर एकाच वेळी यावा आणि त्याच क्षणी दोन्ही हात, तळवे खाली करून, शरीरापासून तिरपे, थोड्या अंतरावर, जमिनीवर आपटावेत. त्याने आघात पसरतो आणि आवाजही मोठा होतो. मागे पडताना हात टेकून सावरण्याची ओढ प्रत्येकाला होते, आणि मनगट मोडते ते तेथेच. मातीतल्या कुस्तीची सवय असलेला पोरगा या कामी लवकर तयार होतो असे आपल्याला वाटते, परंतु त्याची अडचण निराळी असते: चीतपट होऊ नये म्हणून अंग वळवण्याची सवय त्याच्या हाडांत मुरलेली असते, ती मोडायला वेळ लागतो.

उचलून टाकण्याच्या डावांत उचलणाऱ्याइतकेच काम उचलला जाणारा करतो. तो स्वतः उडी घेतो, तेव्हाच तो हलका होतो. दोघांनी हा डाव रोज एकाच जोडीदाराबरोबर करावा आणि प्रयोगाच्या दिवशी जोडी बदलू नये. डोके खाली करून आपटण्याचा कोणताही डाव आपल्या मंचावर सर्वथा वर्ज्य समजावा. ऑगस्ट 1997 मध्ये ओवेन हार्टसारख्या कसलेल्या पैलवानाकडून, मनात काहीही वाईट नसताना, अशाच डावात स्टीव्ह ऑस्टिनची मान दुखावली आणि त्याला काही काळ हातपाय हलवता आले नाहीत. डोक्यावर खुर्ची मारणेही डब्ल्यूडब्ल्यूईने 2010 मध्ये बंद केले. ज्यांचे पोट त्यावर चालते त्यांनी जे सोडले, ते आपण टाळ्यांसाठी धरू नये. पंचाचे काम जाणत्या माणसाला द्यावे, कारण खरी दुखापत झाली की दोन्ही हात डोक्यावर आडवे धरून तशी खूण करणे आणि प्रयोग थांबवणे हे त्याच्याकडेच असते. ही खूण तालमीत सर्वांना, डफडे वाजवणाऱ्यालाही, समजावून द्यावी.

डफड्याचे नाते मोजणीशी जोडावे. मातीत खांदे टेकले की कुस्ती संपते. येथे पंच तीनपर्यंत मोजतो, आणि ती तीन अंकांची फट म्हणजे नाटकाची खरी जागा आहे. पहिल्या लढतीत दोनवर खांदा उचलला की दुसऱ्या लढतीपासून सगळा मंडप पंचाबरोबर मोजू लागतो. शेवटच्या लढतीत डफडे बंद ठेवावे आणि पंचाने दोन म्हटल्यावर म्हाताऱ्याने बाजेवरून उठून उभे राहावे. तीन हा आकडा प्रेक्षकांनीच म्हणावा. प्रत्येक प्रयोगात ते म्हणतात.

पट्टा पितळी पत्र्याचा आणि जड करावा. पुठ्ठ्याचा पट्टा खांद्यावर पेलताना नटाच्या खांद्याला भार जाणवत नाही आणि तो खोटेपणा मागच्या रांगेलाही दिसतो. प्रयोग संपल्यावर लोक मंचावर चढतात आणि पोरे तो पट्टा मागतात, तेव्हा तो द्यावा. परंतु त्याआधी दोन्ही लढणाऱ्या नटांना आडोशाला बसवून मान चारही बाजूंना वळवून पाहायला सांगावे, हातापायांना मुंग्या येतात का ते विचारावे, आणि उत्तर जरा जरी अडखळत आले, तरी सकाळची वाट न पाहता गाडी काढून दवाखाना गाठावा.